दिवाळी अंकासाठी पहिली कथा: फेब्रुवारीत वही, जूनमध्ये पाठवणी

नोकरी, घर आणि रोजचा प्रवास सांभाळून लिहू पाहणाऱ्यांकडून दोन तक्रारी हमखास ऐकू येतात. एक, 'सुचतं खूप, पण बसणं होत नाही.' दुसरी, 'बसतो, पण काही सुचत नाही.' मला ही दोन्ही दुखणी एकच वाटतात. आधी सुचणार आणि मग आपण लिहिणार, असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात बरंचसं सुचतं ते अर्धवट लिहिलेला कागद पुढ्यात असताना. काल जिथं थांबलो तिथं आज परत जाऊन बसायचं, एवढी सोय लावून घेतली की पुष्कळसं काम होतं. हा लेख त्या सोयीबद्दल आहे.

मराठीत ही सोय लावायला एक आयती चौकट आहे. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ साली 'मनोरंजन' मासिकाचा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून आपल्याकडे लेखनाला एक वार्षिक ऋतू मिळाला. आजही दरवर्षी शेकडो दिवाळी अंक निघतात. मोठ्या शहरांतून निघतात तसे जिल्ह्याच्या ठिकाणांहूनही निघतात, आणि नव्या लेखकाची कथा छापायला तयार असलेले संपादक त्यांत नक्की असतात. बहुतेक अंकांचं साहित्य पावसाळ्याच्या सुरुवातीला गोळा होतं. म्हणून उलटं मोजत यायचं: जूनमध्ये पाठवायचं, मे महिन्यात पुनर्लेखन, मार्च-एप्रिलमध्ये पहिला खर्डा, फेब्रुवारीत वही. एका कथेला पाच महिने हे फार नाहीत. घाईत लिहिलेल्या तीन कथांपेक्षा अशी एक कथा लिहून माणूस जास्त शिकतो.

वहीत काय टिपायचं

खिशात मावेल अशी वही घ्या. मोबाइलमध्ये टिपलं तरी चालेल, पण ते सगळं एकाच जागी राहू द्या, दहा ॲपमध्ये विखरू देऊ नका. नियम एकच: विचार टिपायचा नाही, पाहिलेलं आणि ऐकलेलं टिपायचं. 'आजकाल माणसं एकमेकांपासून दुरावली आहेत' हे वाक्य वहीत घालून काही उपयोग नाही, त्यातून पुढं काही उगवत नाही. उलट असं टिपण बघा:

'कोरेगाव स्टँड, दुपार. सातारा गाडी. बाईनं चिंचेचं गाठोडं सीटवर ठेवलं, स्वतः उभी. कंडक्टर: मावशी, बसा की. बाई: त्याचं तिकीट काढलंय.'

चार ओळी आहेत. जागा आहे, वेळ आहे, एक वस्तू आहे आणि माणसाच्या तोंडचं एक वाक्य आहे. ही बाई कशी होती, तिला काय वाटत होतं, आपल्याला काय वाटलं, यातलं काही नाही. ते नसल्यामुळेच हे टिपण महिन्यानं उघडलं तरी ताजं राहतं. मत लिहून ठेवलं की आपण तिथंच समाधान पावतो. न उलगडलेली गोष्ट लिहून ठेवली की ती मागं लागते.

ऐकलेलं वाक्य जसं बोललं गेलं तसंच टिपा. 'काढलंय' असेल तर 'काढले आहे' करू नका. बोलीचा लहेजा घरी आल्यावर आठवत नाही, फक्त अर्थ आठवतो, आणि कथेला नुसत्या अर्थाचा फार उपयोग नसतो.

दुर्गा भागवतांचं 'ऋतुचक्र' १९५६ साली पुस्तकरूपानं आलं. महिन्यामहिन्यानं झाडं, फुलं, आभाळ यांत होणारे बदल त्यात आहेत. ते वाचताना जाणवतं की इतकं बारीक पाहणं एका बैठकीत होत नसतं. वर्षानुवर्षं डोळे उघडे ठेवून तेच झाड पुन्हा पुन्हा पाहिलेलं असलं पाहिजे. वहीची सवय म्हणजे अशा पाहण्याचीच सवय. फेब्रुवारीचा अख्खा महिना नुसती टिपणं करण्यात गेला तरी तो वाया गेला असं समजू नका.

बसायची वेळ

'वेळ मिळाला की लिहीन' म्हणणाऱ्याला वेळ मिळत नाही. दिवसातल्या एखाद्या ठरलेल्या गोष्टीला लेखन बांधून टाका. सकाळी पाणी येण्याआधीचा अर्धा तास, डबा खाऊन झाल्यावरची पंधरा मिनिटं, मुलांची शिकवणी सुटेपर्यंत गाडीवर बसून काढलेला वेळ, कर्जत किंवा कसाऱ्याहून येताना लोकलमध्ये जागा मिळाली तर तो प्रवास. कुठली वेळ हे महत्त्वाचं नाही, ती रोज तीच असावी एवढं महत्त्वाचं. दोनशे शब्द किंवा अर्धा तास, जे आधी पुरं होईल ते, एवढंच माप ठेवा. मोठं माप ठेवलं की एक दिवस चुकतो, मग अपराधी वाटतं, आणि त्या अपराधीपणात आठवडा जातो.

उठताना एक करा: वाक्य किंवा प्रसंग अर्धा सोडून उठा. पुढं काय होणार हे माहीत असताना थांबायचं. दुसऱ्या दिवशी कोऱ्या पानापाशी येण्याऐवजी तुम्ही अर्ध्या वाक्यापाशी येता आणि ते पुरं करण्याच्या नादात पुढचं लिहिलं जातं.

ज्यांना 'आमच्यासारख्यांना कुठली निवांत जागा' असं वाटतं त्यांनी बहिणाबाई चौधरींकडे बघावं. जळगावजवळच्या आसोद्याला १८८० साली जन्मलेल्या, अक्षरओळख नसलेल्या या बाईंनी जात्यावर आणि शेतात काम करता करता ओव्या रचल्या. त्या मुलानं, सोपानदेवांनी, टिपून ठेवल्या म्हणून राहिल्या. बहिणाबाई १९५१ च्या डिसेंबरात गेल्या आणि १९५२ साली त्यांच्या कवितांचं पुस्तक आलं. दळण आणि ओवी यांची वेळ एकच होती, त्यामुळं ओवीसाठी वेगळा वेळ काढावा लागला नाही. नारायण सुर्वे गिरणीत राबले, महापालिकेच्या शाळेत शिपाई होते, पुढं शिक्षक झाले. पहिला संग्रह १९६२ साली आला तेव्हा ते पस्तिशी ओलांडलेले होते. त्यांच्या कवितेतली माणसं त्यांना कामाच्या जागीच भेटलेली आहेत. तुमची नोकरी लेखनाच्या आड येते असं वाटत असेल, तर एकदा वहीत नोकरीचीच टिपणं करून बघा. बँकेच्या काउंटरवर, तहसील कचेरीत, औषधाच्या दुकानात रोज जे ऐकू येतं ते घरी बसलेल्या लेखकाला मिळत नाही.

पहिला खर्डा

टिपण निवडताना 'यात चांगला संदेश आहे का' हे बघू नका. ज्या टिपणाचं उत्तर तुम्हाला माहीत नाही ते निवडा. गाठोड्याचं तिकीट काढून स्वतः उभी राहणारी बाई का उभी राहिली? मला माहीत नाही. म्हणून तिच्यावर लिहावंसं वाटतं.

पहिला खर्डा मागं वळून न बघता शेवटापर्यंत न्यायचा. शुद्धलेखन, समर्पक शब्द, सुरुवातीचं वाक्य यांपैकी कशासाठीही थांबायचं नाही. नाव सुचत नसेल तर 'अमुक' लिहा. माहिती नसेल तर कंस करून 'विचारायचं' लिहा आणि पुढं जा. हा खर्डा वाईट होणार हे गृहीत धरा. तो संपवणं हेच त्याचं काम.

अडलं की आधी ओळखा, का अडलं

इथं बहुतेक जण सोडून देतात, म्हणून जरा सावकाश सांगतो. 'सुचत नाही' या एका तक्रारीखाली निदान चार वेगवेगळ्या अडचणी लपलेल्या असतात आणि प्रत्येकीचा उपाय वेगळा आहे.

सगळ्यात जास्त वेळा आढळणारी अडचण म्हणजे माहितीच नसणं. कल्पनाशक्ती कमी पडली असं आपल्याला वाटतं, पण कमी पडलेली असते माहिती. चिंचेचं गाठोडं घेतलेली बाई बसमध्ये चढवली, पण ती चिंच कुणाची? आपल्याकडे चिंचेचं झाड उभं असतानाच व्यापाऱ्याला दिलं जातं. चिंच झोडपून उतरवली की बायका ती फोडायला बसतात, टरफल काढतात, शिरा ओढतात, चिंचोके वेगळे करतात. मजुरी बहुधा किलोवर असते. चिंचोके वेगळे विकले जातात. एवढं कळल्याबरोबर प्रश्न उभे राहतात. ही बाई दुसऱ्याची चिंच फोडणारी मजूर की स्वतःच्या बांधावरच्या झाडाची मालकीण? फोडलेली चिंच नेतेय की अख्खी? व्यापारी गावात येत असताना ती स्वतः साताऱ्याला का निघाली? यातल्या कुठल्याही प्रश्नाच्या उत्तरात कथा आहे. तेव्हा असं अडलं तर टेबलापाशी डोकं धरून बसू नका. बाजारात जा, माणसांना विचारा. लोक आपल्या कामाबद्दल आनंदानं बोलतात. ग्रंथालयात जा. ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ पासून आणि मुंबईचं १८९८ पासून आहे, आणि तालुक्याच्या गावीही वाचनालय असतंच. जुनी मासिकं, गॅझेटिअर, स्मरणिका चाळल्या की नावं, भाव, चालीरीती मिळतात.

तपशील तपासताना साल विसरू नका. राज्यात एसटीत महिलांना अर्धं तिकीट मार्च २०२३ पासून सुरू झालं. तुमची कथा त्याआधी घडत असेल तर त्या बाईनं पूर्ण तिकीट काढलेलं असणार, आणि दोन तिकिटांचे पैसे मोजताना तिचा हात वेगळ्या तऱ्हेनं थांबणार. त्यानंतर घडत असेल तर तिचं अर्धं तिकीट आणि गाठोड्याचं लगेज यांचा हिशेब ती मनात करणार. एका तारखेनं प्रसंग बदलतो.

दुसरी अडचण भीतीची. घरातलं, भावकीतलं, जातीतलं काही लिहायला घेतलं की हात थांबतो. आत्या काय म्हणेल, ऑफिसात कुणी वाचलं तर. ही भीती खरी आहे, तिला खोटं ठरवू नका. दोन कामं वेगळी करा: लिहिणं आणि छापणं. आधी पेटीत ठेवण्यासाठी म्हणून सगळं लिहा. छापायचं की नाही, गाव-नाव-नातं बदलायचं की नाही, हे नंतर थंड डोक्यानं ठरवता येतं. लक्ष्मीबाई टिळक लग्नानंतर लिहायला-वाचायला शिकल्या, आणि त्यांची 'स्मृतिचित्रे' १९३४ पासून भागाभागानं बाहेर आली तेव्हा त्या साठीच्या पुढं होत्या. घरातल्या रागालोभाबद्दल इतकं मोकळं लिहिणं त्या काळात सोपं नव्हतं. काही गोष्टींना वेळ लागतो, तो द्यावा.

तिसरी अडचण भाषेची. लिहायला बसलं की आपण नकळत पाठ्यपुस्तकातलं मराठी लिहायला लागतो. घरी 'न्हवं', 'व्हय', 'कसं काय चाललंय' म्हणणारा माणूस कागदावर 'अनामिक हुरहूर' लिहितो आणि मग वाक्य पुढं सरकत नाही, कारण ते त्याचं नसतंच. उपाय सोपा: तो प्रसंग मोबाइलवर बोलून रेकॉर्ड करा, बहिणीला सांगावा तसा. मराठी व्हॉइस टायपिंग आता बऱ्यापैकी चालतं, चुका नंतर सुधारता येतात. बोललेल्यातून वाक्यं उचला. निवेदन प्रमाणभाषेत आणि संवाद बोलीत, की सगळंच बोलीत, हे लेखकानं ठरवायचं, पण एकदा ठरवलं की कथाभर पाळायचं.

चौथी नुसता थकवा. मार्चअखेर असेल, परीक्षा असतील, घरात आजारपण असेल, तर लिहू नका. वहीत रोज एक ओळ टिपा आणि झोपा. थकलेल्या माणसानं स्वतःच्या प्रतिभेबद्दल निष्कर्ष काढू नयेत.

पुनर्लेखन: चार ओळी जवळून

खर्डा झाला की दोन-तीन आठवडे तो उघडू नका. मे महिन्यात उघडा, छापून घ्या आणि मोठ्यानं वाचा. जिभेला जिथं अडखळायला होतं तिथं खूण करा. कसं बदलायचं हे सांगण्यापेक्षा दाखवतो. पहिल्या खर्ड्यात साधारण असं येतं:

'पार्वती ही एक गरीब, कष्टाळू स्त्री होती. आयुष्यभर तिने दुसऱ्यांसाठी खस्ता खाल्ल्या होत्या. आजही ती उभीच होती. तिच्या डोळ्यांत एक अनामिक वेदना दाटून आली होती.'

यात खोटं काही नाही, पण दिसतही काही नाही. गरीब, कष्टाळू, अनामिक वेदना, हे सगळं लेखकानं वाचकाच्या वतीनं वाटून घेतलंय. आता वहीतल्या टिपणाकडे परत जाऊन लिहू:

'गाठोडं खिडकीशी बसलं होतं. वळणावर हलू नये म्हणून पार्वतीनं त्याच्या गाठीवर हात ठेवला होता.
"मावशी, बसा की," कंडक्टर म्हणाला.
"त्याचं तिकीट काढलंय."
"तुमचंबी काढलंय न्हवं?"
पार्वतीनं मुठीतली दोन्ही तिकिटं उलगडून बघितली.'

विशेषणं सगळी गेली. 'खस्ता' गेल्या, कारण गाठोड्यावरचा हात ते सांगतो. शेवटची ओळ पहिल्या खर्ड्यात नव्हती आणि वहीतही नव्हती. कंडक्टरचा प्रश्न लिहिल्यावर ती आली. लेखाच्या सुरुवातीला सुचण्याबद्दल जे म्हटलं ते हेच: तिकिटं उलगडून बघणारी बाई आधी डोक्यात नव्हती, कंडक्टरनं प्रश्न विचारला म्हणून तिनं मूठ उघडली. स्फूर्ती बऱ्याचदा पुनर्लेखनात येते, आणि म्हणूनच पहिल्या खर्ड्यावर सोडून देणाऱ्याला ती भेटत नाही.

पुनर्लेखनाला आपल्याकडे मोठी परंपरा आहे. 'सत्यकथा' मासिकाचे संपादक श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन लेखकांशी पत्रव्यवहार करून, मजकुरावर चर्चा करून कथा पुन्हा लिहून घेत. त्या संपादनाबद्दल मतभेद होते, साठच्या दशकातल्या लघुनियतकालिकांनी, म्हणजे नव्या लेखकांनी स्वतः काढलेल्या छोट्या अंकांनी, त्या अभिरुचीविरुद्ध बंडही केलं. पण एकेका वाक्यावर दोन माणसांनी बसायचं ही रीत मराठी कथेला लाभली, आणि ती आज कमी झाली आहे याचं मला वाईट वाटतं. म्हणून आता ते काम स्वतःच उभं करावं लागतं. कथा दोघांना द्या, दहांना नको. त्यांतला एक भरपूर वाचणारा असावा आणि दुसरा कथेतलं जग जाणणारा. 'कशी वाटली?' विचारलंत तर 'छान' हेच उत्तर येणार. त्याऐवजी विचारा: कुठं कंटाळा आला? कुठं परत मागं जाऊन वाचावं लागलं? कुठल्या वाक्यावर विश्वास बसला नाही?

पाठवणी

ज्या अंकाला पाठवायचं त्याचे मागचे निदान दोन अंक वाचा. विनोदी अंकाला गंभीर कथा आणि वैचारिक अंकाला भुताची गोष्ट पाठवण्यात दोघांचाही वेळ जातो. साहित्य पाठवण्याचं आवाहन, शब्दमर्यादा आणि मुदत नीट वाचा. मजकूर युनिकोडमध्ये टाइप करा, पीडीएफ मागितली नसेल तर संपादन करता येईल अशी फाइल पाठवा, हस्तलिखिताचे फोटो पाठवू नका. सोबतचं पत्र चार ओळींचं असावं: कथेचं नाव, शब्दसंख्या, अप्रकाशित आहे हा उल्लेख, तुमचा पत्ता आणि फोन. कथा कशाबद्दल आहे हे पत्रात समजावू नका. एकच कथा एका वेळी एकाच अंकाला पाठवा. दोन अंकांत एकच कथा छापून आली की संपादक ते लक्षात ठेवतात.

पूर्वी 'साभार परत' असा शेरा घेऊन कथा घरी यायची. आता बहुतेक वेळा काहीच येत नाही, आणि ते जास्त जड जातं. त्यासाठी वहीच्या शेवटच्या पानावर चार रकाने आखा: कथा, अंक, पाठवल्याची तारीख, उत्तर. ठरावीक मुदतीनंतर एकदा सभ्यपणे विचारा, उत्तर नाही आलं तर कथा मोकळी झाल्याचं कळवा आणि दुसरीकडे पाठवा. नकार कथेला असतो. जागा नसणं, त्याच विषयावरची दुसरी कथा आधीच घेतलेली असणं, अशी कितीतरी कारणं असतात जी तुम्हाला कधीच कळणार नाहीत. दोन-तीन ठिकाणांहून तीच हरकत आली तर मात्र ती गंभीरपणे घ्या.

मानधनाबद्दल विचारायला संकोचू नका. सगळे अंक देत नाहीत, पण आधी विचारलेलं बरं. कथा लिहिली तेव्हाच तिचा स्वामित्वहक्क तुमचा झालेला असतो, त्यासाठी नोंदणी सक्तीची नाही. १९५७ च्या कायद्याप्रमाणे हा हक्क लेखकाच्या हयातीत आणि त्यानंतर ६० वर्षं टिकतो. तेव्हा 'सर्व हक्क प्रकाशकाकडे' अशा कागदावर न वाचता सही करू नका. पुढं कथा जमून पहिलं पुस्तक करायचं झालं, तर पैसे भरून छापून देणाऱ्याकडे धावण्याआधी महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना बघा. पहिल्या पुस्तकासाठीच ती आहे.

जून ते दिवाळी

कथा पाठवली त्याच आठवड्यात दुसरं टिपण उघडा. माझ्या मते चिकाटीची खरी कसोटी इथं लागते, कारण वाट बघण्यात माणूस लिहायचं थांबतो. कवी अरुण कोलटकर जाहिरातक्षेत्रात काम करत. त्यांचा पहिला मराठी संग्रह १९७७ साली आला आणि त्यानंतरची मराठी पुस्तकं थेट २००३ च्या सुमारास, मृत्यूच्या जेमतेम वर्षभर आधी. मधल्या पाव शतकात पुस्तक नव्हतं, कविता लिहिणं मात्र चालू होतं. त्या पुस्तकांतल्या 'भिजकी वही'ला साहित्य अकादमी पुरस्कार २००५ साली, त्यांच्या मागं मिळाला. प्रत्येकानं इतकं थांबावं असं मी म्हणणार नाही. पण छापून येणं आणि लिहीत राहणं यांच्या गती वेगळ्या असतात, हे ध्यानात असलं की उत्तर न आलेल्या ईमेलचा त्रास कमी होतो.

अंक हातात आला आणि त्यात तुमची कथा असली, तर आनंद करा, घरच्यांना दाखवा, पेढे वाटा. दुसऱ्या दिवशी तुमची फाइल आणि छापील पानं शेजारी ठेवून ओळीनं ताडून बघा. संपादकांनी कुठला शब्द काढला, कुठला परिच्छेद तोडला, शीर्षक बदललं का, ते पेन्सिलीनं नोंदवा. पटलेले बदल वहीत उतरवून घ्या, न पटलेल्यांबद्दल संपादकांना पत्र लिहून कारण विचारा. आणि कथा नसली, तरी तो अंक विकत घ्या, तुमच्या कथेच्या जागी काय छापलंय ते वाचा, आणि त्यातल्या एका कथेची पहिली दोन पानं हातानं उतरवून काढा. तिचा लेखक वाक्य कुठं तोडतो, संवाद कधी सुरू करतो, हे लिहिणाऱ्या हाताला कळतं. मग फेब्रुवारीची वही घ्या आणि कोरेगाव स्टँडच्या पुढची टिपणं चाळायला लागा.